वीस नावांची यादी आणि दहा महिन्यांची मोर्चेबांधणी : ऑपरेशन पराक्रमचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

13 डिसेंबर 2001 रोजी सकाळी साडेअकरा वाजून गेल्यावर एक पांढरी अँबॅसडर संसद भवनाच्या आवारात शिरली. काचेवर गृहमंत्रालयाचा स्टिकर होता. दोन्ही सभागृहांचे कामकाज थोड्याच वेळापूर्वी तहकूब झाले होते, पण अनेक खासदार आणि मंत्री अजून आतच होते. गाडीतल्या पाच बंदूकधाऱ्यांना इमारतीत पाऊल ठेवता आले नाही, कारण पहाऱ्यावरच्या माणसांनी गोळ्या झेलत दरवाजे लावून घेतले. पाचही हल्लेखोर मारले गेले. आपले नऊ जण गेले : पोलीस, संसदेच्या सुरक्षा सेवेतले कर्मचारी, केंद्रीय राखीव पोलीस दलाची एक महिला शिपाई आणि बागेत काम करणारा एक माळी.

सरकारने लष्कर-ए-तैयबा आणि जैश-ए-मोहम्मद यांच्यावर ठपका ठेवला. जैशचे नाव दिल्लीला चांगलेच बोचणारे होते. डिसेंबर 1999 मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणारे विमान अपहरण करून कंदाहारला नेले गेले आणि त्या प्रवाशांच्या बदल्यात मसूद अजहरला सोडावे लागले. बाहेर पडून त्याने काही आठवड्यांतच जैश उभी केली. 1 ऑक्टोबर 2001 रोजी श्रीनगरच्या विधानसभेवर आत्मघाती हल्ला झाला, त्यामागेही तीच. कारगिलची लढाई होऊन अडीच वर्षे आणि आग्र्याची शिखर बैठक फिसकटून पाच महिने झाले होते.

तिकडे जग 11 सप्टेंबरनंतरच्या तापात होते. अमेरिका अफगाणिस्तानात बॉम्बफेक करत होती, तोरा बोराच्या डोंगरात अल कायदाचा शोध चालला होता आणि त्यासाठी पाकिस्तानातले जेकबाबाद, पसनी, दालबंदिन हे विमानतळ अमेरिकेच्या वापरात होते. पुढे जे घडले त्यात या तीन नावांचा, म्हणजे अमेरिकेला असलेल्या पाकिस्तानच्या गरजेचा, वाटा फार मोठा आहे.

प्रश्न नेमका काय होता

वाजपेयी सरकारपुढे एकाच दिवशी दोन प्रश्न आले आणि ते एकमेकांत गुंतले. पहिला शिक्षेचा : ज्यांनी संसदेवर हात टाकला त्यांना किंमत मोजायला लावायची. दुसरा बदलाचा : पाकिस्तानच्या भूमीवरून चालणारा हा उद्योग बंद पडेल असे काही घडवायचे. या दोन्हींची हत्यारे वेगळी असतात. शिक्षा एका रात्रीत देता येते. दुसऱ्याचे वागणे बदलायचे तर दबाव टिकवावा लागतो, आणि समोरच्याने ऐकले की तो सैल करण्याची तयारीही लागते.

त्यात आणखी एक भेद आहे. शत्रूला एखादी गोष्ट करण्यापासून परावृत्त करणे त्या मानाने सोपे, कारण तो गप्प बसला तरी पुरते आणि त्याची अब्रू जात नाही. तो आधीपासून करत असलेली गोष्ट थांबवायला भाग पाडणे फार अवघड, कारण थांबला की जगाला दिसते की तो वाकला. भारताला हे दुसरे साधायचे होते, तेही अण्वस्त्रे बाळगणाऱ्या देशाकडून आणि गादीवर लष्करशहा असताना.

पुढ्यातले पर्याय

पहिला पर्याय लगेच, मर्यादित प्रहाराचा होता. नियंत्रण रेषेपलीकडच्या प्रशिक्षण तळांवर हवाई हल्ला, तोही जगाचा संताप ताजा असताना. याच्या बाजूने एक भक्कम मुद्दा होता : पाकिस्तानी फौजेचे लक्ष तेव्हा अफगाण सीमेकडे होते. विरोधातला मुद्दाही तितकाच वजनदार. तळ म्हणजे बहुधा तंबू आणि कच्च्या बराकी. विमाने येईपर्यंत ते रिकामे झालेले असणार. पाकिस्तानने उलट मारा केला आणि सीमेवर आपली फौज तयारच नसली तर काय, हा प्रश्न सेनाधिकाऱ्यांना भेडसावत होता.

दुसरा पर्याय कारगिलच्या वाटेने जाण्याचा होता : संयम पाळायचा, पुरावे मांडायचे, जगाकडून दडपण आणायचे. सुरक्षा परिषदेचा दहशतवादविरोधी ठराव क्रमांक 1373 सप्टेंबरमध्येच झाला होता, त्यामुळे मुत्सद्द्यांच्या हातात कागद होता. पण संसदेवर हल्ला झाल्यावर केवळ कागद नाचवून भागेल, असे देशातल्या कुणालाच वाटत नव्हते.

सिंधू जलकरार मोडण्याची आणि व्यापारातला विशेष दर्जा काढून घेण्याची चर्चाही झाली. दोन्ही गोष्टी तेव्हा झाल्या नाहीत.

राहिला तो पूर्ण मोर्चेबांधणीचा पर्याय. सगळी फौज सीमेवर न्यायची, युद्धाची तयारी डोळ्यांना दिसेल अशी करायची आणि त्या छायेत मागण्या ठेवायच्या. यात युद्धाची तयारीही होत होती आणि युद्ध टळण्याची शक्यताही शिल्लक राहत होती. हाच निवडला गेला. माझ्या मते तो निवडला जाण्याचे एक कारण हेही होते की त्याने कठीण निर्णय पुढे ढकलता येत होता. मारायचे की नाही, हे फौज पोहोचल्यावर ठरवू.

काय केले

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आदेश निघाले आणि 'पराक्रम' सुरू झाले. सुमारे पाच लाख सैनिक जम्मूपासून गुजरातपर्यंत पसरले. 1971 नंतरची ही सर्वांत मोठी मोर्चेबांधणी. रजा रद्द झाल्या, गाड्या भरभरून रणगाडे आणि तोफा पश्चिमेकडे गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या घरटी एक तरी माणूस फौजेत पाठवणाऱ्या साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत त्या महिन्यात काय वातावरण असेल, ते वेगळे सांगायला नको.

मुत्सद्देगिरीची पावले बरोबरीने पडत गेली. 21 डिसेंबरला इस्लामाबादेतले आपले उच्चायुक्त विजय नंबियार यांना परत बोलावले. समझोता एक्स्प्रेस आणि दिल्ली-लाहोर बस 1 जानेवारीपासून बंद. पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद. दोन्ही राजधान्यांतल्या वकिलातींचे कर्मचारी निम्मे. आणि 31 डिसेंबरला वीस जणांची यादी पाकिस्तानच्या हाती देण्यात आली : यांना आमच्या ताब्यात द्या.

मराठी वाचकाने या यादीपाशी थोडे थांबावे. तिच्यात मसूद अजहर आणि हिज्बुल मुजाहिदीनचा सय्यद सलाहुद्दीन होते, पंजाबातले खलिस्तानी अतिरेकी होते, आणि दाऊद इब्राहिम व टायगर मेमनही होते. 12 मार्च 1993 च्या दुपारी मुंबईत बॉम्बस्फोटांत 257 माणसे गेली होती. संसद हल्ल्याच्या निमित्ताने तो हिशेबही मांडला गेला, हे योग्यच झाले. पण दबावाचे साधन म्हणून पाहिले तर यादीने मागणी पसरट केली. काश्मीरमधली घुसखोरी थांबवणे, तळ मोडणे, संघटनांवर बंदी घालणे आणि तीन वेगवेगळ्या दशकांतले, तीन वेगवेगळ्या राज्यांतल्या गुन्ह्यांचे आरोपी सोपवणे, हे सगळे एका दमात मागितले गेले. यातले किती झाले म्हणजे फौज मागे फिरेल, हे कुठेच सांगितलेले नव्हते.

वेळेचे गणित

इथे सैन्याच्या रचनेचा मुद्दा आडवा आला. आपल्या तिन्ही धडक कोअर, म्हणजे चढाईसाठी राखलेले मोठे सैन्यगट, देशाच्या पोटात असत : मथुरा, अंबाला, भोपाळ. शत्रूच्या मुलखात खोलवर घुसण्याची ताकद त्यांच्यात. सीमेजवळच्या कोअर मुख्यतः बचावासाठी. या अजस्र फौजा रेल्वेने आणि रस्त्याने हलवून तैनात व्हायला सुमारे तीन आठवडे लागले. पाकिस्तानच्या राखीव फौजा मंगला आणि मुलतानला, म्हणजे सीमेच्या कितीतरी जवळ. त्यामुळे तेही वेळेत सज्ज झाले आणि अचानक गाठण्याचा फायदा संपला.

या तीन आठवड्यांत जगही स्वस्थ बसले नाही. अमेरिकेने डिसेंबर अखेरीला लष्कर-ए-तैयबा आणि जैशला परकीय दहशतवादी संघटनांच्या यादीत टाकले. आपली फौज सिद्ध व्हायला आणि समोरून पहिले उत्तर यायला एकच गाठ पडली.

पहिला निर्णायक क्षण : 12 जानेवारी

12 जानेवारी 2002 रोजी पाकिस्तानचे लष्करशहा मुशर्रफ यांनी दूरचित्रवाणीवरून देशाला उद्देशून भाषण केले. लष्कर-ए-तैयबा आणि जैशवर बंदी घातली. काश्मीरच्या नावाखाली कोणत्याही संघटनेला दहशतवाद करू देणार नाही, असे जाहीर केले. त्याच भाषणात त्यांनी हेही स्पष्ट केले की कोणत्याही पाकिस्तानी नागरिकाला भारताच्या हवाली करणार नाही, आणि बाकीच्यांना आम्ही आश्रय दिलेलाच नाही. शेकडो कार्यकर्त्यांची धरपकड झाली. त्यातले बहुतेक पुढच्या काही महिन्यांत सुटले.

दिल्लीची भूमिका ठरली : भाषणाचे स्वागत, पण आम्ही कृती पाहू. फौज जिथल्या तिथे राहिली. 25 जानेवारीला अग्नी क्षेपणास्त्राच्या कमी पल्ल्याच्या आवृत्तीची चाचणी झाली.

सगळ्या प्रकरणातली मोठी संधी हीच होती असे मला वाटते. भारताला तोवर जे कधी मिळाले नव्हते ते मिळाले होते : पाकिस्तानच्या सत्ताधीशाने स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या लोकांपुढे दिलेला शब्द. तो मोजता येईल अशा कसोटीत बांधायचा, तर तो दिवस होता. जानेवारीत खिंडी बर्फाने बंद असतात, घुसखोरी तशीही कमी असते. खरी परीक्षा बर्फ वितळल्यावर. 'एप्रिलअखेर आम्ही पुन्हा पाहू. तोवर धडक कोअर अर्ध्या मागे नेतो, विमानबंदी आणि वकिलातीची कपात तशीच ठेवतो', असे म्हणता आले असते. ऐकल्याचा थोडा मोबदला, न ऐकल्याची शिक्षा हातात राखलेली. तसे झाले नाही. 'कृती पाहू' या दोन शब्दांना तारीख नव्हती आणि माप नव्हते.

मग भिजत घोंगडे पडले. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. राजस्थानच्या वाळूत तापलेल्या रणगाड्यांत माणसे बसून राहिली. सीमेलगत पेरलेल्या सुरुंगांनी, ते पेरताना आणि नंतर काढताना, जवानांचे बळी घेतले. संपूर्ण मोहिमेत एकही लढाई न होता शेकडो सैनिक दगावले. पंजाब, राजस्थान आणि जम्मूतल्या शेतकऱ्यांची उभ्या पिकाची शेते सुरुंगांखाली गेली. घरदार सोडून ती माणसे छावण्यांत आणि नातेवाइकांकडे राहिली.

दुसरा क्षण : कालूचक

14 मे 2002. विजयपूरहून जम्मूकडे निघालेल्या हिमाचल परिवहनच्या बसमध्ये सैनिकी गणवेशातले तिघे चढले. कालूचकच्या छावणीपाशी त्यांनी बसमधल्या प्रवाशांवर गोळ्या झाडल्या आणि मग जवानांच्या कुटुंबांच्या वस्तीत घुसले. तीसच्या आसपास माणसे मेली, त्यांत सैनिकांच्या बायका आणि मुले होती. ज्यांचे नवरे, ज्यांचे बाप पाच महिने सीमेवर उभे होते, त्यांच्याच घरात शिरून हे केले गेले. अमेरिकेच्या सहायक परराष्ट्रमंत्री क्रिस्टिना रोका त्या दिवशी दिल्लीत होत्या.

कालूचकने एक गोष्ट उघडी केली. पाच लाख फौज सीमेवर असूनही तीन माणसांना असे करण्याची हिंमत झाली, म्हणजे धमकीची धार बोथट झाली होती. धमकी वापरली नाही, मागेही घेतली नाही, तर समोरचा तिची सवय करून घेतो.

आता दिल्लीत खरोखरीच युद्धाची भाषा सुरू झाली. 18 मे रोजी पाकिस्तानी उच्चायुक्त अशरफ जहांगीर काझी यांना परत जायला सांगितले. पूर्वेकडच्या ताफ्यातली पाच जहाजे अरबी समुद्रात आणली आणि मुंबईच्या पश्चिम नौदल कमांडचे बळ वाढवले. 22 मे रोजी वाजपेयींनी कुपवाड्यात जवानांपुढे निर्णायक लढाईची वेळ आल्याचे सांगितले. आदल्याच दिवशी श्रीनगरात हुर्रियतचे नेते अब्दुल गनी लोन यांची हत्या झाली होती. पाकिस्तानने मेच्या अखेरीला लागोपाठ तीन क्षेपणास्त्र चाचण्या घेतल्या. जानेवारीपेक्षा मेमध्ये हल्ल्याचे नैतिक बळ जास्त होते, पण गुपित राखण्याची, गाफील गाठण्याची शक्यता उरली नव्हती.

तिसरा क्षण : दबाव कुणावर?

31 मे रोजी अमेरिकेने आपल्या नागरिकांना भारत सोडण्याचा सल्ला दिला. ब्रिटन आणि इतरही देश त्याच वाटेने गेले. पर्यटक आणि परदेशी कंपन्यांचे लोक निघाले, माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातले व्यावसायिक चिंतेत पडले. युद्धाची धमकी पाकिस्तानवर दबाव आणण्यासाठी होती, पण अमेरिकेच्या एका सूचनापत्राने तोच दबाव दिल्लीकडे वळवला. आपल्या धमकीची किंमत आपल्याच अर्थव्यवस्थेला पडते, याचा अंदाज डिसेंबरमध्ये कुणी घेतल्याचे दिसत नाही.

6 जूनला अमेरिकेचे उपपरराष्ट्रमंत्री रिचर्ड आर्मिटेज इस्लामाबादला गेले. घुसखोरी कायमची थांबवू, असा शब्द मुशर्रफ यांच्याकडून घेऊन दुसऱ्या दिवशी ते दिल्लीत आले. 10 जूनला भारताने पाकिस्तानी विमानांवरची बंदी उठवली आणि पाठोपाठ पुढे गेलेली युद्धनौका पथके मुंबईला परत बोलावली.

या तडजोडीचा कच्चा दुवा तिच्या रचनेतच होता. शब्द पाकिस्तानने अमेरिकेला दिला होता, भारताला नव्हे. तो पाळला जातो की नाही हे तपासणार कोण? अमेरिकेला तेव्हा अफगाण सीमेवर पाकिस्तानी फौज हवी होती. म्हणजे जो मध्यस्थ, त्यालाच पाकिस्तानची गरज. घुसखोरी काही काळ घटली, मग पुन्हा वाढली. 13 जुलैला जम्मूच्या कासिम नगरात मजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला.

माघार

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जम्मू-काश्मीरच्या विधानसभा निवडणुका झाल्या. दहशतवाद्यांनी उमेदवार आणि कार्यकर्ते मारले, तरी लोक मतदानाला आले आणि सरकार बदलले. हे छोटे यश नव्हे, आणि पराक्रमच्या बाजूने बोलणारे हे यश आवर्जून सांगतात. 16 ऑक्टोबर 2002 रोजी मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने आंतरराष्ट्रीय सीमेवरची फौज मागे घेण्याचे ठरवले. दुसऱ्या दिवशी पाकिस्ताननेही तेच केले. सरकारने माघार हा शब्द टाळला.

वीसपैकी मसूद, सलाहुद्दीन, दाऊद, मेमन हे सगळे जिथे होते तिथेच राहिले.

वेगळे काय करता आले असते

माजी नौदलप्रमुख ॲडमिरल सुशील कुमार यांनी पुढे या मोहिमेवर कडक टीका केली : तिला लष्करी उद्दिष्टच नव्हते. मोहिमेच्या वेळचे लष्करप्रमुख जनरल पद्मनाभन यांनीही निवृत्तीनंतर धडक कोअरवरच्या अवलंबित्वाबद्दल प्रश्न उपस्थित केला. सीमेलगतच्या कोअरनाच चढाईची ताकद द्यावी, म्हणजे हलायला तीन आठवडे लागणार नाहीत, हा विचार 2004 मध्ये 'कोल्ड स्टार्ट' या नावाने पुढे आला. फौजेने आपला धडा घेतला, असे म्हणायला हवे.

राजकीय बाजूने घेण्यासारखे अधिक आहे. मागणी एकच, मोजता येणारी हवी होती : तळ आणि घुसखोरी. यादी वेगळ्या, लांब पल्ल्याच्या मार्गाने चालवायची होती. सुरुंग पेरणे हे युद्ध ठरल्यावरचे शेवटचे काम. ते पहिल्या आठवड्यांत घाईने केले गेले आणि त्याची किंमत जवानांनी व शेतकऱ्यांनी चुकवली. आणि फौज पाठवतानाच परत आणण्याच्या अटी मंत्रिमंडळाच्या कागदावर लिहिलेल्या असायला हव्या होत्या, जाहीर केल्या नाहीत तरी.

एक आक्षेप मला मान्य आहे. युद्ध झाले नाही, आणि जानेवारी 2002 मध्ये पाकिस्तानची अण्वस्त्रे सांभाळणाऱ्या सामरिक आराखडा विभागाचे प्रमुख खालिद किडवई यांनी परदेशी अभ्यासकांना सांगितलेले अण्वस्त्रवापराचे उंबरठे पाहिले, तर युद्ध न होणे ही स्वतःच फार मोठी कमाई होती. नोव्हेंबर 2003 ची शस्त्रसंधी आणि 6 जानेवारी 2004 चे इस्लामाबादचे संयुक्त निवेदन, ज्यात मुशर्रफ यांनी आपल्या ताब्यातला कोणताही प्रदेश दहशतवादासाठी वापरू न देण्याची ग्वाही दिली, यांच्या मुळाशी त्या दहा महिन्यांचा ताण काही अंशी असणार. किती अंशी, यावर जाणकारांचे एकमत नाही. माझा कल 'थोड्या' कडे आहे. मुशर्रफ यांच्यावर डिसेंबर 2003 मध्ये त्यांच्याच देशातल्या जिहादींनी दोनदा प्राणघातक हल्ले केले होते, ते मला अधिक जवळचे कारण वाटते.

पुढच्या काळात दिल्लीने उलट टोक गाठले. उरीनंतर 29 सप्टेंबर 2016 रोजी, पुलवामानंतर 26 फेब्रुवारी 2019 रोजी बालाकोटवर आणि पहलगामनंतर 7 मे 2025 रोजी प्रहार आधी झाला आणि बोलणे नंतर. 2016 मध्ये तर कारवाई संपल्याचे त्याच पत्रकार परिषदेत सांगून टाकले. पराक्रममध्ये जे नव्हते ते इथे आहे : आरंभ आणि शेवट. पण शिक्षा म्हणून हे परिणामकारक असले, तरी दर वेळी पायरी वर चढते आहे, आणि मुत्सद्देगिरीला मिळणारा अवधी महिन्यांवरून दिवसांवर आला आहे. पहलगाममध्ये गेलेल्या 26 जणांत महाराष्ट्रातले सहा होते. त्या घरांना पुढची पायरी कोणती असेल या प्रश्नापेक्षा, मारेकरी पाठवणारे हात कधी थांबतील, हा प्रश्न जवळचा आहे. पराक्रमने नेमके तेच मागितले होते.

या दोन टोकांच्या मध्ये 26/11 आहे. मुंबईत 166 माणसे गेली आणि त्या वेळी सीमेवर फौज गेली नाही. डिसेंबर 2008 च्या पहिल्या दिवशी पाकिस्तानच्या उच्चायुक्तांना बोलावून निषेधपत्र देण्यात आले आणि सुमारे वीस फरारी आरोपी पुन्हा मागण्यात आले. दाऊद इब्राहिम आणि मसूद अजहर ही नावे त्यातही होती.